कॉपरबँड मासा सहा दिवस अन्नाला शिवलेला नाही. तांब्याचं औषध चालू ठेवू की थांबवू?

निळीलाट
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, तपशील सुटायला नको म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वी कॉपरबँड बटरफ्लाय आणला आणि थेट मुख्य टाकीत सोडला. क्वारंटाइन केलं नाही. चूक माझी आहे आणि भोगतोय तो. नवव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले, दोन दिवसांत यलो टँगवरही दिसले. मुख्य टाकीत प्रवाळ आणि कोळंबी असल्यामुळे तिथे तांबं घालता येत नाही, म्हणून सगळे मासे बाहेर काढले. टँग, दोन क्लाउनफिश आणि ग्रामा एका मोठ्या पिंपात तांब्यात आहेत आणि व्यवस्थित खातायत. टँग कॉपरबँडला सुचू देईना, म्हणून तो एकटा ७५ लिटरच्या टाकीत आहे. चिलेटेड तांबं एका दिवसात २.२५ पीपीएमवर नेलं. तेव्हापासून आज सहावा दिवस, पोटात काही गेलेलं नाही. गोठवलेलं मायसिस, ब्राइन श्रिंप, पेलेट्स, सगळं देऊन झालं.

पाणी: घनता १.०२५, तापमान २६ अंश, पीएच ८.२, अमोनियाची चाचणी ०.५ दाखवतेय. औषध थांबवलं तर इच (हा ठिपक्यांचा परजीवी) परत येणार, चालू ठेवलं तर हा उपाशी मरणार. काय करू?

खारवट
औषधाचं नंतर बघू, आधी अमोनिया. आत्ताच निम्मं पाणी बदला. नव्या पाण्यात तांबं तेवढंच मिसळून घ्या म्हणजे पातळी हलणार नाही. ०.५ हा आकडा गोड्या पाण्यात जितका सोसतो तितका इथे सोसत नाही. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८.२ ला तोच सुमारे सात टक्के होतो. कल्ले जळत असताना कुठला मासा जेवेल? आणि अमोनिया बांधणारं औषध तांब्याच्या टाकीत टाकू नका. त्यातली बरीचशी औषधं तांब्याचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात.

मग थोडं निरीक्षण करून सांगा. मासा शांत असताना एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात? पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहतो का? दिव्यापासून लपतो का? डोक्यामागचं, पाठीवरचं मांस भरलेलं आहे की बसलंय? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अन्न समोर आल्यावर तो नेमकं काय करतो. बघतच नाही, की बघून वळतो, की तोंडात घेऊन थुंकतो? या तिन्हींचे अर्थ वेगळे.

निळीलाट
पाणी बदललं. अमोनिया ०.२५ च्या खाली आला.

श्वास मिनिटाला ९६ (तीनदा मोजला). धारेत उभा राहत नाही, दिव्याला घाबरत नाही. ठिपके आता चार-पाचच उरलेत. पोट खपाटीला गेलंय, आणि वरून पाहिलं तर डोक्यामागे दोन्ही बाजूंनी किंचित खड्डा दिसतो. अन्न बघतो. जवळ येतो, तिरका होऊन एका डोळ्याने न्याहाळतो आणि वळून जातो. तोंडात घेतलंच नाही. मधूनमधून अंग पाइपला घासतो.

एक आठवलं. मुख्य टाकीत तो दिवसभर दगडांच्या फटीत चोच घालून काहीतरी टिपत असायचा, पण मी घातलेलं अन्न त्याने खाल्लेलं मला एकदाही दिसलं नव्हतं.

प्रवाळवेडा
अन्न लसणाच्या रसात भिजवून द्या. लसणाने भूकही लागते आणि इचही मरतो. माझ्याकडे दोनदा गुण आला.

भरतीओहोटी
काहीही झालं तरी तांबं मध्येच सोडू नका. मी एकदा आठव्या दिवशी सोडलं होतं. ठिपके गेले होते, मासा मलूल वाटला म्हणून दया आली. बारा दिवसांनी सगळे पुन्हा ठिपक्यांनी भरले आणि तीन मासे गेले. ठिपके जाणं म्हणजे बरं होणं नव्हे. परजीवी अंगावर तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून तळाशी जातो आणि पुटीत बंद होतो. तिथून त्याची पिल्लं बाहेर पडतात, शेकड्यांनी. तांबं मारतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. अंगावर बसलेल्याला आणि पुटीतल्याला ते काही करत नाही.

खारवट
@भरतीओहोटी, जीवनचक्राबद्दल पूर्ण सहमत. तांबं अर्ध्यावर सोडून स्वस्थ बसणं म्हणजे परजीवीला मोकळं रान. पण या माशासमोर दुसरा रस्ता आहे. त्याआधी तो इतका लवकर का खंगतोय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

समुद्रातल्या हाडाच्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांतून आणि त्वचेतून सतत बाहेर झिरपत असतं. तो समुद्राचं पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींकडून बाहेर टाकतो. या कामाला अखंड ताकद लागते, आणि ती येते अन्नातून. आता इचने त्वचेला आणि कल्ल्यांना भोकं पाडली आहेत, तांब्याचा आणि अमोनियाचा मारा त्याच कल्ल्यांवर आहे, आणि अन्न बंद. म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक शून्य. त्यात २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के कमी मावतो. म्हणून एअरस्टोन आणखी एक लावा, आजच. घनता १.०२० वर आणा, झिरपणं थोडं कमी होईल. उतरवताना घाई चालते. परत चढवताना मात्र दिवसाला ०.००१ ते ०.००२ पेक्षा जास्त नको.

तांब्याने भूक मरते, आणि एका दिवसात २.२५ ला नेलं तर जास्तच मरते. खाणाऱ्या टँगला ते चालून गेलं. न खाणाऱ्या माशाला चार-पाच दिवसांत हळूहळू चढवावं लागतं.

माझं मत: याच्यासाठी तांबं थांबवा आणि टाकीबदल पद्धत सुरू करा. दर ७२ तासांच्या आत मासा पूर्णपणे नव्या, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवायचा. पहिला, चौथा, सातवा, दहावा आणि तेरावा दिवस. अंगावरून गळलेला परजीवी तळाशी पुटीत जातो आणि त्याची पिल्लं बाहेर पडायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. औषध एक थेंबही नाही. तांबं नसल्यामुळे अमोनिया बांधणारं औषध बिनधास्त वापरता येतं, म्हणजे तुम्ही दिवसातून सहा वेळा अन्न टाकून बघू शकता. उपाशी माशासाठी हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा. वेल्व्हेट (दुसरा, जास्त झपाट्याने मारणारा परजीवी) असता तर हे सुचवलं नसतं, तिथे टाकीबदलावर विसंबता येत नाही. पण वेल्व्हेटचा मासा धारेत तोंड घालून धापा टाकतो, उजेड टाळतो, आणि सहा दिवस वेळच देत नाही.

भरतीओहोटी
अशक्त मासा पाच वेळा हलवायचा? पकडतानाच्या धसक्याने जाईल तो.

खारवट
धोका आहे, नाकारत नाही. पण या गतीने आणखी आठवडाभर उपाशी राहणं हा त्याहून मोठा धोका वाटतो. जाळीने पकडू नका. जाळीत अंगावरची बुळबुळ खरवडली जाते आणि पाठीचे काटे अडकतात. पारदर्शक डबा पाण्यात बुडवून ठेवायचा, मासा आत शिरेपर्यंत थांबायचं, डबा पाण्यासकट उचलायचा आणि मासा हलकेच हातावर घेऊन नव्या पाण्यात सोडायचा. डब्यातलं पाणी पलीकडे जाता कामा नये.

भरतीओहोटी
ठीक. मग शिस्तीबद्दल दोन गोष्टी, कारण पद्धत फसते ती इथेच. ७२ तास म्हणजे ७२, ‘उद्या सकाळी करू’ नाही. पहिल्या टाकीचा हीटर, एअरस्टोन, पाइप, काहीही दुसऱ्या टाकीत जायचं नाही. दोन वेगळे संच ठेवा आणि रिकामा झालेला संच धुऊन खडखडीत वाळवा. दोन्ही टाक्या शेजारी ठेवू नका, बुडबुड्यांचे तुषार उडतात. टॉवेलसुद्धा वेगळा.

आणखी एक शंका. तो अंग घासतोय आणि ठिपके तर कमी झालेत. कॉपरबँडवर चपटे कृमी, म्हणजे फ्लूक, बऱ्याचदा सापडतात आणि तांब्याने ते मरत नाहीत. पहिल्या बदलाच्या वेळी गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून बघा. पाण्याचं तापमान टाकीइतकंच, पीएच खाण्याच्या सोड्याने टाकीच्या जवळ आणलेला, अर्धा तास आधीपासून हवा सोडलेली. तळ काळा असेल असं भांडं घ्या. फ्लूक असले तर पांढरे होऊन तिळासारखे गळतात. मासा आडवा पडून निपचित झाला तर पाच मिनिटांची वाट बघू नका, लगेच बाहेर काढा.

शेवाळ
दुपारपासून वाचतेय. तुझी शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे गं, ‘मी घातलेलं अन्न त्याने खाल्लेलं दिसलं नव्हतं.’ म्हणजे त्याची भूक मेलेली असेलही, पण शिवाय तू घालतेस ते अन्न आहे हेच त्याला माहीत नाही. हा मासा निसर्गात लांब चोच फटींत घालून किडे आणि नळ्यांतले जंत ओढून काढतो. पाण्यात तरंगत खाली येणारा गोठलेला तुकडा त्याच्या लेखी कचरा आहे. मी दोन कॉपरबँड अशा अवस्थेतून बाहेर काढलेत. एक राहिला, एक नाही. काय केलं ते क्रमाने सांगते.

पहिलं, उघडी तिसरी (बाजारात मिळतो तो शिंपला). ताजी तिसरी आधी गोठव, मग वितळवून शिंपला उघड आणि अर्धा शिंपला मांसासकट टाकीच्या तळाशी, जिथे तो फिरतो तिथे ठेव. मांसाला चिरा दे म्हणजे धागे सुटतील आणि वास पसरेल. चोच घालून टोचायला त्याला हेच हवं असतं. दोन-तीन तासांत काढून टाक, पाणी नासतं.

दुसरं, हालचाल. जिवंत ब्लॅकवर्म (बारीक काळे जंत) मिळाले तर स्वच्छ धुऊन, पाच-सहाच, पिपेटने शिंपल्याच्या खोबणीत सोड. ते गोड्या पाण्यातले आहेत, खाऱ्यात थोड्याच वेळात मरतात, पण तोवर वळवळतात आणि त्या वळवळीला क्वचितच एखादा कॉपरबँड नाही म्हणतो. नसले तर जिवंत मोठे आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिंप. आर्टेमिया मात्र नुसते देऊ नकोस. मोठा झालेला आर्टेमिया म्हणजे बराचसा पाण्याने भरलेला पापुद्रा, पोषण बेताचंच. तो गाळून खाणारा प्राणी आहे, पाण्यात जे असेल ते पोटात भरतो. म्हणून आदल्या रात्री त्याला मेदाम्लं आणि क जीवनसत्त्व असलेलं द्रव अन्न दे, बारा तासांनी धुऊन लगेच माशाला घाल. उशीर केलास तर त्याचं पोट रिकामं होतं आणि सगळी मेहनत वाया. उरलेले फ्रीजमध्ये ठेवलेस तर थंडीने त्यांचं पचन मंदावतं, काही तास निभावतात.

तिसरं, पाइप. पांढऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला पेन्सिलीच्या जाडीची भोकं पाड. मायसिस आणि तिसरीचं मांस वाटून घट्ट लगदा कर, भोकांत दाबून भर. त्याला खरी फट मिळते, आणि तुला दर बदलाला उकळता येईल अशी वस्तू.

टाकीच्या तीन बाजूंना कागद लाव. लपायला दोन-तीन मोठे पाइप टाक. अन्न ठेवलंस की समोरून उठ. लांबून, दिवा मंद करून बघ. तू काचेला नाक लावून बसलीस की त्याचं सगळं लक्ष तुझ्यावर राहतं.

ओटीभरती_नवीन
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरा शेंबडासारखा थर सुटतोय, कालपासून खात नाही, धापा टाकतोय. हेही इचच का? मीही लसूण देऊ?

खारवट
नाही. क्लाउनफिश, पांढरा बुळबुळीत थर, एका दिवसात खाणं बंद, यावरून ब्रुकलिनेला (हा वेगळा परजीवी) वाटतोय. याचं घड्याळ तासांवर चालतं. पाच मिनिटं गोड्या पाण्यात (वर दिलेली सगळी काळजी घेऊन), त्याने तात्पुरता आराम पडेल, मग फॉर्मेलिनची आंघोळ आणि रोज नवं निर्जंतुक पाणी. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं म्हणून हवा जोरात सोडा. ते माणसालाही घातक आहे, हातमोजे घाला, खिडक्या उघडा, प्रमाण बाटलीवरचंच. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

आणि लसणाबद्दल एकदा स्पष्ट लिहितो. काही मासे लसणाच्या वासाने अन्नाकडे वळतात, हे मीही पाहिलंय. पण लसणाने इच मरतो याला भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. ठिपके तीन ते सात दिवसांनी आपोआप गळतात आणि श्रेय लसणाला जातं, मग आठवड्याने दुसरी लाट येते. प्रवाळवेडा, तुमच्या माशांना प्रतिकारशक्तीने तारलं असावं. त्याचा मला आनंदच आहे, पण औषध म्हणून लसूण सुचवू नका.

प्रवाळवेडा
मान्य. माझ्याकडे दुसऱ्या वेळी महिन्याभराने ठिपके परत दिसले होते, ते लिहायला हवं होतं.

निळीलाट
आज पहिला बदल केला. गोड्या पाण्यात पहिले दोन मिनिटं तडफडला, मग शांत झाला. माझे हात थरथरत होते. चार मिनिटांनी भांड्याच्या तळाशी अकरा पांढरे चपटे ठिपके मोजले, तिळाच्या आकाराचे. @भरतीओहोटी, तुमची शंका खरी निघाली.

नव्या टाकीत १.०२०, २६ अंश, दोन एअरस्टोन, तीन बाजूंना कागद. दोन तासांनी श्वास ८२. तिसरी ठेवली. चोच लावली नाही, पण बाजूला बराच वेळ उभा होता.

प्राझिक्वांटेल (फ्लूकवरचं औषध) आजच द्यायचं का?

भरतीओहोटी
अकरा म्हणजे चांगलाच भार होता. तरी मी थांबेन. प्राझिक्वांटेलनेही काही माशांची भूक मंदावते. अंगावरचे मोठे फ्लूक बरेचसे गळले आहेत, त्यांची अंडी जुन्या टाकीत मागे राहिली, आणि दर तीन दिवसांनी तुम्ही ती मागे सोडतच जाणार आहात. कल्ल्यांतले आणि बारके उरतील, त्यांच्यासाठी शेवटच्या टाकीत लिटरला २.५ मिलिग्रॅम, पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस. आत्ता त्याला फक्त खाऊ दे.

निळीलाट
दुसरा दिवस. काही नाही. तिसरी तीनदा बदलली. ब्लॅकवर्म मिळाले नाहीत, आर्टेमिया मिळालेत, रात्रभर भिजवून ठेवतेय.

निळीलाट
तिसरा दिवस, सकाळी. पाइपच्या भोकात आर्टेमिया सोडले आणि शेवाळताईंनी सांगितलं तसं खोलीच्या दारात जाऊन बसले. वीस मिनिटांनी तो आला. एक डोळा लावून बघितलं. चोच आत घातली आणि ओढला. एक. मग दुसरा. मी हलले नाही. सातपर्यंत मोजले, मग डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसेना.

शेवाळ
अगं!! आता ऐक. भरपूर घालायचा मोह आवर. नऊ दिवस रिकाम्या पोटाला एकदम भरलंस तर अन्न पचत नाही, पाणीही घाण होतं. दर दोन तासांनी चिमूटभर. पोट किंचित गोल दिसलं की थांब. विष्ठेवर लक्ष ठेव. सुरुवातीला पांढरी, दोऱ्यासारखी असली तर घाबरू नकोस, रिकाम्या आतड्याचीही तशीच येते. चार-पाच दिवस नीट खाऊनही पांढरीच राहिली आणि मांस भरलं नाही, तर आतड्यातल्या परजीवींचा विचार करू. त्याचं औषध अन्नातून जातं, म्हणून मासा खाता असणं किती मोलाचं ते बघ.

आता हळूच फसवणूक करायची. आर्टेमियात उद्या एक-दोन तुकडे मायसिसचे. परवा निम्मे. तिसरीच्या मांसावरही मायसिस चोळ. तिसरी आणि तत्सम शिंपल्यांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असू शकतं, त्यामुळे तिच्यावरच महिनोन् महिने ठेवायचं नाही. आत्ता दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, जीवनसत्त्वाचे थेंब घालत जा.

मंदलहर
हा धागा वाचताना माझ्या अँथियसची आठवण येतेय. तो असाच बंद झाला होता, आणि अँथियस तर दिवसभर थोडं थोडं खाणारा मासा, चार दिवसांतच वाळला. मी नळीने अन्न पोटात घालायचा प्रयत्न केला, व्हिडिओ बघून. दुसऱ्या वेळी तो हातात गेला. नळीने भरवण्याबद्दल कुणी सांगू शकेल का? मला अजून कळत नाही, माझं काय चुकलं.

खारवट
वाईट वाटलं. तुमचं काही वेगळं चुकलं असेलच असं नाही. लहान माशात घसा आणि कल्ल्यांमधलं अंतर फार थोडं असतं. नळी जरा चुकली तर अन्न कल्ल्यांत जातं, जरा खोल गेली तर जठर फाटतं, आणि धडपडीत त्याच्याकडे उरलेली थोडकी ताकद संपते. समुद्री घोड्यांना अशा रीतीने भरवून वाचवलेलं आहे, मोठ्या माशांनाही, पण ते माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे, भूल देऊन. घरी, तळहाताएवढ्या माशावर, मी करत नाही. अँथियस, मँडरिन, छोटे रास या जातींच्या माशांत साठाच कमी असतो. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जिवंत अन्न आणावं लागतं, सहाव्या दिवसाची वाट बघता येत नाही.

मंदलहर
धन्यवाद. मी नवव्या दिवशी नळी घेतली होती. जिवंत अन्न आणलंच नव्हतं.

निळीलाट
सातवा दिवस, तिसरा बदल पहाटे पावणेसहाला, ७० तासांवर. डब्यात स्वतःहून शिरला कारण आत पाइप ठेवला होता. श्वास ७०. दिवसाला सहा वेळा खातोय, चारात एक वाटा मायसिस. अमोनिया बांधणारं औषध रोज घालतेय, पण चाचणीत ०.५ दिसतंय.

खारवट
बरीच किट एकूण अमोनिया मोजतात, बांधलेला धरून. मुक्त अमोनिया दाखवणारा बिल्ला टाकीत लावा, तो पिवळा असेल तर ठीक.

निळीलाट
तेरावा दिवस. शेवटची टाकी, यात आता मुक्काम. एक ठिपका नाही. डोक्यामागचा खड्डा वरून बघितलं तर भरत आलाय. आर्टेमिया बंद केले, मायसिस शिंपल्यात ठेवलं की खातो. पाण्यात सोडलेलं अजून खात नाही. उद्या प्राझिक्वांटेलचा पहिला डोस.

मुख्य टाकी कधीपर्यंत बिनमाशांची ठेवू? पिंपातले बाकीचे तांब्याचे तीस दिवस पूर्ण करून मोकळे होतील.

भरतीओहोटी
७६ दिवस, शेवटचा मासा काढल्यापासून. प्रयोगशाळेत काही पुटींतून ७२ दिवसांनीही परजीवी बाहेर पडल्याची नोंद आहे, त्यावर चार दिवस धरायचे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. कोळंबी, प्रवाळ यांच्यावर ते जगत नाही. या काळात ओला हात, जाळी, नवा गोगलगाय, दुसऱ्या टाकीतला दगड, काहीही त्या टाकीत नको. कोळंबीला मात्र अधूनमधून थोडं अन्न घालत राहा, नाहीतर जिवाणूही उपाशी राहतात आणि मासे परतल्यावर अमोनिया उसळतो.

शेवाळ
आणि मोकळा वेळ आहे तर पाण्यातलं खायला शिकव. शिंपला रोज एक बोट वर धर, म्हणजे तुकडे निसटून खाली पडतील आणि तो पडताना टिपायला लागेल. टँगबरोबर राहायचं तर त्याला पाण्यात खाता यायलाच हवं.

निळीलाट
प्राझिक्वांटेलच्या पहिल्या डोसनंतर दोन दिवस खाणं निम्म्यावर आलं, मग पूर्ववत. दुसऱ्या डोसनंतर तपासणीसाठी पुन्हा गोड्या पाण्यात ठेवला, तळाशी काहीच पडलं नाही.

निळीलाट
मुख्य टाकीतून शेवटचा मासा काढल्यापासून ७८ वा दिवस. घनता १.०२० वरून १.०२५ ला चार दिवसांत चढवली. टँगला आधी तीन दिवस जाळीच्या कप्प्यात ठेवलं आणि कॉपरबँडला काल संध्याकाळी, दिवे मंद करून, मुख्य टाकीत सोडला. रात्रभर दगडामागे होता.

आज सकाळी तोच जुना शिंपला, उकळून वाळवलेला, मायसिस भरून डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि दारात जाऊन बसले. क्लाउनफिश आधी आले. मग तो दगडामागून निघाला, सरळ शिंपल्याकडे, आणि क्लाउनफिशांच्या मधून चोच घालून खायला लागला. श्वास ६४.